छातीतली रिकामी जागा: ती कुणाची, हे ओळखायला लागलेली दोनशे वर्षं

समजा, तुम्ही बावीस वर्षांचे आहात. उंच, सडपातळ. लेस्टरला किंवा न्यू जर्सीत शिकताय. एका सकाळी काही विशेष न करता, म्हणजे अगदी बुटाची नाडी बांधताना, छातीच्या एका बाजूला कळ येते आणि श्वास अर्ध्यावर अडकतो. इमर्जन्सीमध्ये एक्स-रे निघतो. डॉक्टर सांगतात, फुप्फुसाच्या टोकावरचा हवेचा एक छोटा फोड फुटलाय, हवा बाहेर आली आणि फुप्फुस थोडं मिटलंय. तुम्ही घरी फोन करता. पलीकडे दोन सेकंद कुणीच बोलत नाही. मग आई हळूच विचारते, "टीबी तर नाही ना?"

त्या प्रश्नावर चिडू नका. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत बहुतेक प्रत्येक घरात कुणीतरी शिवडीच्या नाहीतर मिरजेच्या हॉस्पिटलात राहून आलेलं असायचं, आणि त्याबद्दल घरात कुजबुजतच बोललं जायचं. छाती, तरुण वय, फुप्फुसात काहीतरी "पोकळ": एवढं ऐकलं की मनात पहिलं नाव क्षयाचंच यायचं. शिवाय हा प्रश्न फक्त आपल्या आयांचा नाही. युरोप-अमेरिकेतले नावाजलेले डॉक्टरसुद्धा शंभरेक वर्षं हाच प्रश्न विचारत होते, आणि बरेचदा त्याचं उत्तर चुकीचं देत होते.

एपिसोडमध्ये हा इतिहास आम्ही घाईघाईत उरकला. इथे जरा सावकाश सांगतो. मुद्दा एकच आहे. फुप्फुसात रिकामी जागा दिसणं सोपं असतं. ती कशामुळे झाली, तिच्या भिंती कशाच्या आहेत, हे ओळखणं अवघड. आणि उपचार ठरतो तो त्या दुसऱ्या उत्तरावर.

भिंती पडलेली चाळ

डिसेंबर १७८४ मध्ये लंडनला सॅम्युअल जॉन्सन वारले. इंग्रजी शब्दकोश करणारे तेच जॉन्सन. शेवटची काही वर्षं त्यांना दम्याने हैराण केलं होतं. शवविच्छेदनात छाती उघडली तेव्हा एक वेगळी गोष्ट दिसली. निरोगी फुप्फुस रबरासारखं लवचिक असतं. छाती उघडून बाहेरची हवा आत शिरली की ते आकसतं. जॉन्सनचं फुप्फुस आकसलंच नाही, तसंच फुगलेलं राहिलं. पुढे १७९९ पासून मॅथ्यू बेली यांनी शरीरातल्या विकृतींची चित्रं छापायला सुरुवात केली. त्यात मोठमोठ्या हवेच्या पोकळ्या असलेल्या एका फुप्फुसाचं चित्र आहे, आणि ते जॉन्सनचंच असं मानलं जातं.

काय झालं होतं ते समजायला एखादी चाळ डोळ्यांसमोर आणा. फुप्फुस म्हणजे कोट्यवधी इवल्याइवल्या खोल्यांची चाळ. हवा खोलीत येते, पण प्राणवायू रक्तात जातो तो भिंतीतून, कारण रक्ताच्या बारीक नळ्या भिंतीत असतात. आता मधल्या भिंती पाडून दहा खोल्यांचा एक हॉल केला, तर जागा मोठी दिसेल, पण देवाणघेवाण करणारी भिंतच उरली नाही. हा हॉल स्वतः काही काम करत नाही आणि शेजारच्या चांगल्या खोल्या दाबून टाकतो. भिंती अशा पडत जाण्याला एम्फिसीमा म्हणतात. त्यातून एक सेंटिमीटरपेक्षा मोठी, अगदी पातळ भिंतीची जी पोकळी तयार होते तिला बुला म्हणतात. लॅटिनमध्ये बुला म्हणजे बुडबुडा.

पॅरिसच्या रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला आणि १८१९ मध्ये त्यावरचं आपलं पुस्तक छापलं. ते नुसते ऐकून थांबले नाहीत. मेलेल्या रुग्णाचं फुप्फुस हवा भरून फुगवायचं, तसंच वाळवायचं आणि मग कापून बघायचं, अशी त्यांची पद्धत होती. फुगलेल्या स्थितीत वाळवल्यामुळे पोकळ्या जशाच्या तशा दिसायच्या. एम्फिसीमाचं नीट वर्णन पहिल्यांदा त्यांच्याकडून मिळालं. फुप्फुसाबाहेर, छातीच्या पोकळीत हवा साठली की ठोकल्यावर ढोलासारखा आवाज येतो, पण श्वासाचा आवाज येत नाही, हेही त्यांनी कानानं ओळखलं. या हवेला "न्यूमोथोरॅक्स" हे नाव मात्र त्यांच्या आधी, १८०३ मध्ये, इतार यांनी दिलं होतं.

लाएनेक १८२६ मध्ये वारले, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, क्षयानं. ज्या आजाराचे रुग्ण ते रोज तपासत होते, तोच त्यांना झाला.

सगळं काळं, सगळं क्षयाचं

१८८२ मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. आता जिवंत माणसाच्या छातीत बघता येऊ लागलं. पण एक्स-रेवर हवा काळी दिसते, मग ती कुठलीही असो. क्षयानं पोखरलेली कॅव्हिटी काळी, बुला काळी, फुप्फुसाबाहेर सुटलेली हवाही काळी. आणि वॉर्डात दहातले बरेचसे रुग्ण क्षयाचे असले, की अकराव्याकडेही डॉक्टर त्याच नजरेनं बघतात. त्यामुळे धडधाकट तरुणाचं फुप्फुस अचानक मिटलं तर ते लपलेल्या क्षयाचं लक्षण समजलं जाई. मग महिनोन्‌महिने सॅनेटोरियम, शिक्षण बंद, लग्नाची बोलणी बंद.

याच काळात एक विचित्र गोष्ट चालू होती. कार्लो फोर्लानिनी या इटालियन डॉक्टरांनी १८८२ मध्येच सुचवलं होतं, की क्षयाच्या रुग्णाचं आजारी फुप्फुस मुद्दाम हवा भरून मिटवावं, म्हणजे त्याला विश्रांती मिळेल आणि कॅव्हिटी बंद होईल. पुढची पन्नास-साठ वर्षं जगभर हा उपचार चालला. म्हणजे एका खोलीत डॉक्टर सुईने न्यूमोथोरॅक्स करत होते आणि शेजारच्या खोलीत आपोआप झालेल्या न्यूमोथोरॅक्सला घाबरत होते.

क्षयाचा हा आरोप पुसायला सगळ्यात जास्त मदत केली ती कोपनहेगनच्या हान्स केअरगोर यांनी. १९३२ मध्ये त्यांनी वरवर निरोगी माणसांत अचानक होणाऱ्या न्यूमोथोरॅक्सवर एक मोठा अभ्यास छापला. अशा रुग्णांचं पुढे काय होतं याचा त्यांनी पाठपुरावा केला. बहुतेकांना पुढेही क्षय झालाच नाही. फुप्फुसाच्या पृष्ठभागावरचा छोटा हवेचा फोड फुटणं, हे खरं कारण निघालं. आज अशा फोडाला ब्लेब म्हणतात. उंच, सडपातळ तरुणांत तो फुप्फुसाच्या वरच्या टोकाला जास्त आढळतो. आईच्या प्रश्नाचं उत्तर नव्वद वर्षांपूर्वीच मिळालं होतं. ते डेन्मार्कहून आपल्या घरांपर्यंत पोचलं नाही, एवढंच.

बेथून, टाल्क आणि सोलापूर

इथे एक मराठी धागा आहे. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून यांना १९२६ मध्ये क्षय झाला. अमेरिकेतल्या सॅरनॅक लेकच्या सॅनेटोरियममध्ये पडून राहायचा त्यांना कंटाळा आला. पुस्तकात फोर्लानिनींचा उपचार वाचून त्यांनी हट्टाने स्वतःचं फुप्फुस मिटवून घेतलं. ते बरे झाले आणि छातीचे सर्जन म्हणून नावारूपाला आले. १९३५ मध्ये त्यांनी छातीच्या आत टाल्कची पूड फवारून फुप्फुस आणि छातीची भिंत एकमेकांना चिकटवण्याची पद्धत मांडली. पुन्हा पुन्हा मिटणारं फुप्फुस जागेवर धरून ठेवायला टाल्क आजही वापरतात. शिवाय फोड असलेला भाग दुर्बिणीतून कापून काढायचा आणि आवरण खरवडायचं किंवा काढून टाकायचं, ही शस्त्रक्रियाही करतात. पण मूळ कल्पना तीच: फुप्फुसाला सरकायला जागाच ठेवायची नाही.

बेथून पुढे युद्धात मदत करायला चीनला गेले आणि १९३९ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या नावाने जे शांतता रुग्णालय उभं राहिलं, त्याचे प्रमुख झाले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. व्ही. शांताराम यांनी ज्यांच्यावर १९४६ मध्ये सिनेमा काढला, तेच. कोटणिसांचं नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्यांच्या रुग्णालयाला ज्यांचं नाव होतं, तो माणूस मुळात फुप्फुसाचा सर्जन आणि फुप्फुसाचाच रुग्ण होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

नळी कुठे घालायची?

क्षयाचा आरोप पुसला तरी प्रश्न संपला नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत बर्क यांनी एका रुग्णाची हकीकत छापली आणि तिला "नाहीसं होणारं फुप्फुस" असं नाव दिलं. बुली वाढत वाढत जवळजवळ सगळी जागा व्यापतात, एक्स-रेत फुप्फुसच दिसेनासं होतं. आता अशा माणसाला अचानक दम लागला आणि तो इमर्जन्सीत आला तर? एक्स-रेवर छातीची एक बाजू काळी. न्यूमोथोरॅक्स असेल तर नळी घालून हवा काढायची असते. पण ती राक्षसी बुला असेल आणि नळी तिच्यातच घुसली, तर नसलेला न्यूमोथोरॅक्स डॉक्टरच तयार करून ठेवतील. ही चूक काल्पनिक नाही, आजही होते. म्हणून जुने एक्स-रे जपून ठेवणं आणि नव्या डॉक्टरला दाखवणं फार कामाचं असतं. देश बदलताना आपण डिग्रीची प्रमाणपत्रं नेतो, पण एक्स-रे आईच्या कपाटात राहतो.

फरक दिसायला लागला तो फुप्फुसाचे पातळ काप पाहायला मिळाल्यावर. १९४९ मध्ये वेल्समधल्या कार्डिफला गॉफ आणि वेंटवर्थ यांनी आख्ख्या फुप्फुसाचा कागदासारखा पातळ काप घेऊन तो खरोखरच कागदावर चिकटवण्याची युक्ती काढली. आजूबाजूच्या कोळसा खाणींतल्या कामगारांची फुप्फुसं अशी जपली गेली. भिंती नेमक्या कुठे पडल्यात, वर की खाली, मध्ये की कडेला, हे एका नजरेत कळू लागलं. पण त्यासाठी माणूस मरावा लागत होता.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या एका रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानं पहिल्यांदा एका रुग्णाचा सीटी स्कॅन काढला. तो मेंदूचा होता. १९८० च्या दशकात एक-दोन मिलिमीटर जाडीचे काप घेणारा छातीचा सीटी आला, आणि गॉफ यांचा कागद जिवंत माणसासाठी उपलब्ध झाला. आता शब्दही नेमके झाले. भिंत एक मिलिमीटरहून जाड नसेल आणि आकार एक सेंटिमीटरहून मोठा असेल तर बुला. पृष्ठभागाला चिकटलेला, त्याहून लहान फोड तो ब्लेब. स्वतंत्र, गोलसर, साधारण दोन मिलिमीटरपेक्षा पातळ भिंतीची पोकळी म्हणजे सिस्ट. आणि आजारी, घट्ट झालेल्या भागात जे भोक पडतं, जसं क्षयात पडतं, ती कॅव्हिटी.

पोकळीचा आकार, रुग्णाची गोष्ट

हे शब्द कोरडे वाटतील. पण त्यांच्यामागे वेगवेगळी माणसं आहेत. वेड्यावाकड्या आकाराच्या सिस्ट, वरच्या आणि मधल्या भागात जास्त, आणि रुग्ण सिगारेट ओढणारा: हा बहुधा लँगरहॅन्स पेशींचा आजार. यात पहिलं औषध म्हणजे सिगारेट सोडणं. मसुराच्या दाण्यासारख्या चपट्या सिस्ट, खालच्या भागात, छातीच्या मध्याकडे, आणि घरात "काकांचंही फुप्फुस मिटलं होतं" अशी आठवण: मग बर्ट-हॉग-ड्युबे या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. कॅनडातल्या तीन डॉक्टरांनी १९७७ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि त्याचा जीन २००२ मध्ये सापडला. यात मूत्रपिंडात गाठी होऊ शकतात, म्हणून फुप्फुस सावरलं तरी मूत्रपिंडाची तपासणी ठरावीक काळाने करत राहावी लागते. काकांची ती आठवण डॉक्टरला सांगणं इथे जीव वाचवू शकतं.

तिसरा आजार जवळजवळ फक्त बायकांना होतो, तोही बहुधा तरुण वयात. गोल, एकसारख्या सिस्ट, दोन्ही फुप्फुसांत वरपासून खालपर्यंत. नाव लांबलचक, लिम्फँजिओलिओमायोमॅटोसिस, म्हणून सगळे त्याला लॅम म्हणतात. दम लागतो, फुप्फुस वारंवार मिटतं. भारतात लॅमच्या बाईला आधी क्षयाची किंवा दम्याची औषधं दिली गेली, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा येतात. आईचा तोच प्रश्न, फक्त डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेला.

लॅमच्या औषधाची गोष्ट सांगायलाच हवी. १९६४ मध्ये एक कॅनेडियन मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथल्या मातीचे नमुने घेऊन आली. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. माँट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेन सेहगल हे संशोधक काम करत होते. आजच्या पाकिस्तानातल्या खुशाबजवळ जन्मलेले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. त्या मातीतल्या एका जंतूपासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक द्रव्य वेगळं केलं. बेटावरून त्याचं नाव पडलं रापामायसिन. पुढे कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि त्या द्रव्यावरचं काम थांबवलं. सेहगलांनी जंतूचे नमुने घरच्या फ्रीझरमध्ये ठेवले आणि अमेरिकेत बदली झाल्यावर सोबत नेले. १९९९ मध्ये हे औषध मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मान्य झालं. त्याचं दुसरं नाव सिरोलिमस.

दरम्यान पेशींच्या वाढीचं एक मुख्य बटण या औषधामुळेच सापडलं. त्याला एम-टॉर म्हणतात. लॅममध्ये नेमका याच बटणावरचा ब्रेक बिघडलेला असतो. अमेरिका, कॅनडा आणि जपानमधल्या ८९ बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. वर्षभर सिरोलिमस घेणाऱ्यांची फुप्फुसाची क्षमता टिकून राहिली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांची घसरत गेली. औषध थांबवल्यावर पहिल्या गटाचीही घसरण पुन्हा सुरू झाली. २०१५ मध्ये अमेरिकेत ते लॅमसाठी मान्य झालं. ते आजार मुळापासून घालवत नाही, पण थोपवतं. निदानासाठी दर वेळी फुप्फुसाचा तुकडाही काढावा लागत नाही. सीटी स्पष्ट असेल तर व्हीईजीएफ-डी या प्रथिनाची रक्ततपासणी पुरेशी ठरू शकते. सेहगल २००३ मध्ये वारले, त्यांनी हा निकाल पाहिला नाही.

मग आईला काय सांगायचं?

इतिहास शिकवतो तो पहिला धडा: "टीबी आहे का" हा प्रश्न चूक नाही, अंदाजानं दिलेलं उत्तर चूक. भारतात क्षय आजही भरपूर आहे, आणि तो तपासावाच. पण थुंकीत जंतू शोधून तपासावा, काळ्या डागाकडे बघून नाही.

दुसरा धडा उपचाराचा. फुप्फुस मिटलं की नळी, असा नियम बरीच वर्षं होता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ३१६ तरुण रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. बाकी निरोगी, स्थिर असलेल्या रुग्णांत नळी न घालता नुसतं लक्ष ठेवलं तर बहुतेकांचं फुप्फुस आपोआप फुललं. म्हणून डॉक्टर "वाट बघू" म्हणाले तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका. मात्र अचानक छातीत कळ आणि दम आला तर घरी बसून वाट बघायची नाही. वाट बघायची की नाही, हे इमर्जन्सीतले डॉक्टर ठरवतील.

तिसरी गोष्ट खास आपल्यासाठी, कारण आपलं घर विमानाच्या अंतरावर आहे. उडत्या विमानात हवेचा दाब आठेक हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका कमी होतो. छातीत अडकलेली हवा तिथे साधारण एक-तृतीयांशाने फुगते. न्यूमोथोरॅक्स भरून आलेला नसताना दिवाळीचं तिकीट आहे म्हणून मुंबईच्या विमानात बसणं धोक्याचं आहे. एक्स-रेवर फुप्फुस पूर्ण फुललेलं दिसल्यावर निदान सात दिवस थांबावं, असा ब्रिटिश डॉक्टरांचा सल्ला आहे. स्कूबा डायव्हिंग तर सहसा कायमचंच बंद, दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाली असेल तरच विचार. आणि सिगारेट ओढणाऱ्या तरुण मुलग्यांत फुप्फुस मिटण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हेही इथेच सांगून ठेवतो.

तर पुढच्या वेळी आई फोनवर गप्प झाली, तर तिला सांगा की थुंकी तपासली आहे, सीटी झालाय आणि पोकळी कशाची ते डॉक्टर नीट बघताहेत. मग तिलाच एक प्रश्न विचारा: "आपल्याकडे आधी कुणाचं फुप्फुस असं मिटलं होतं का?" कुजबुजत सांगितलेल्या त्या जुन्या गोष्टींत कदाचित क्षय नव्हताच. आणि कपाटातला तो जुना एक्स-रे फेकू नका म्हणावं.